गोल कोणाचा? ऑक्युपेशनल थेरपिस्ट मंडळींना खुलं पत्र

तमाम ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मंडळींना नमस्कार,

हे पत्र खरं तर मला एकाच मॅडमना लिहायचं होतं, पण त्या आता कुठे असतात ते माहीत नाही आणि मी त्यांच्या लक्षात असेन असंही वाटत नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांनाच लिहितेय. मी ऑटिस्टिक आहे. पाचव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत आठवड्यातून दोनदा मला ओटीला नेलं जायचं, मग ते सुटलं, आणि आता तिशी ओलांडल्यावर मी परत जायला लागलेय, ह्या वेळी माझी मी. म्हणजे तुमच्या खोलीत मी दोन जन्म काढलेत असं समजा, आणि दोन्ही मला लख्ख आठवतात.

पहिल्या जन्मातला झोका आधी सांगते. छताच्या हुकाला टांगलेला, निळ्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा. आत शिरलं की तो चहूबाजूंनी घट्ट आवळायचा आणि बाहेरचे आवाज एकदम लांब गेल्यासारखे व्हायचे. त्या अख्ख्या इमारतीत मला हवीशी वाटणारी ती एकच गोष्ट होती आणि ती फुकट मिळायची नाही. आधी टेबलाशी बसायचं, हात मांडीवर, पेगबोर्डमध्ये वीस खुंट्या लावायच्या, मग मॅडम पाच आकडे म्हणेपर्यंत त्यांच्या डोळ्यांत बघायचं, की एक स्टार. पाच स्टार झाले की तीन मिनिटं झोका. त्या तीन मिनिटांना टायमर लावलेला असायचा आणि तो जो वाजायचा ना, तो आवाज दाताच्या ड्रिलसारखा डोक्यात घुसायचा, त्यामुळे शेवटचं मिनिटभर मी कानांवर हात ठेवून आता वाजेल मग वाजेल करत बसलेली असायचे, म्हणजे पदरात पडायची दोनच मिनिटं, आणि कानांवर हात ठेवले म्हणून पुढच्या वेळचा एक स्टार कापला जायचा. ही सिस्टीम कोणाच्या डोक्यातून निघाली असेल देव जाणे.

डोळ्यांत बघायचं मात्र मी लवकरच जमवलं. मॅडमच्या डाव्या भुवईत एक बारीक खाच होती, जुनी जखम असावी, तिथे केस उगवले नव्हते. पाच आकडे मी त्या खाचेकडे बघत काढायचे आणि मॅडम खूश. ती खाच मी आजही कागदावर काढून दाखवीन, डोळ्यांचा रंग विचारलात तर सांगता येणार नाही.

मधे घर आवरताना आईने जपून ठेवलेली माझी थेरपीची फाइल सापडली. त्यात गोल शीट, म्हणजे थेरपीतून काय साधायचं त्या ध्येयांचा तक्ता. पाच सेकंद आय कॉन्टॅक्ट, दहापैकी आठ वेळा. हात फडफडवणं 80 टक्क्यांनी कमी. पंधरा मिनिटं जागेवर बसणं. समोर निळ्या पेनने तारखा आणि शेरा, गोल अचीव्ह्ड. मी ती फाइल घेऊन जमिनीवर किती वेळ बसले होते मला माहीत नाही. सहा वर्षांच्या कागदांमध्ये मला काय हवंय ह्याची एकही ओळ नाही. मला काय हवं होतं ते मला चांगलं आठवतंय, डोकं धुताना पाणी कानात जाऊ नये असं काहीतरी हवं होतं, शाळेची घंटा वाजायच्या आधी कोणीतरी सांगावं असं वाटायचं, आणि धाकट्या भावासोबत एखादा खेळ असा खेळायचा होता की ज्यात तो रडणार नाही. ह्यातलं काहीही कोणी विचारलं नाही, त्यामुळे ते कुठल्याच शीटवर आलं नाही आणि अर्थातच अचीव्हही झालं नाही.

आईवर राग नाही, हे आधीच सांगून ठेवते नाहीतर लोक तिच्यामागे लागतील. तिला सांगितलं गेलं होतं की वेळ निघून चाललीय, आत्ता नाही तर कधीच नाही. घाबरलेलं माणूस समोरचा देईल त्या कागदावर सही करतं.

तर माझा प्रश्न एवढाच आहे. गोल शीटवरचा गोल कोणाचा असतो?

हा प्रश्न बाहेरच्या बाईने उगाच उकरून काढलेला नाही, तुमच्या धंद्याच्या नावातच तो आहे. मराठीत तुम्हाला व्यवसायोपचार म्हणतात, ते वाचून लोकांना वाटतं हे नोकरी लावून देतात की काय. पण ऑक्युपेशन म्हणजे माणूस दिवसभर जे काही करतो ते सगळं, आंघोळ, खेळ, वाचन, नुसतं पडून राहणं. 1917 साली अमेरिकेत तुमच्या व्यवसायाची पहिली संघटना स्थापन झाली ती जॉर्ज बार्टन नावाच्या माणसाच्या घरी, आणि हा बार्टन डॉक्टर नव्हता हो, आर्किटेक्ट होता आणि स्वतः पेशंट होता, क्षयरोग झालेला, पायाचं ऑपरेशन झालेलं, एक बाजू लुळी पडलेली. हाताला काम लागलं की आपण सावरतो हे त्याने स्वतःच्या अंगावर बघितलं होतं. पुढे 1922 मध्ये अडॉल्फ मायर ह्या मनोविकारतज्ज्ञाने लिहिलं की काम, खेळ, विश्रांती आणि झोप ह्या चार गोष्टींचा ताल जमला पाहिजे. म्हणजे तुमचा पाया घालणाऱ्यांत एक पेशंट होता. आणि शंभरेक वर्षांनी पेशंटला सोडून बाकी सगळ्यांना विचारून गोल ठरतायत.

त्या झोक्याचंच घ्या. सेन्सरी इंटिग्रेशन, म्हणजे स्पर्श, आवाज, तोल अशा संवेदना मेंदूने जुळवून घेणं, हे तुमच्याच जीन आयर्स बाईंचं काम, कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, 1960-70 च्या दशकात त्यांनी ते उभं केलं. त्यात मुख्य गोष्ट काय, तर मुलाची आतली ओढ. मूल स्वतः ज्याकडे जातंय तिथून सुरुवात करायची, आणि थेरपिस्टने ते फार सोपंही नाही फार अवघडही नाही असं जमवत राहायचं. झोका म्हणजे थेरपी! तो बक्षीस म्हणून टांगणीला लावायचा नसतो. चष्मा लावल्याशिवाय न दिसणाऱ्या पोराला फळ्यावरचं वाचून दाखव मग चष्मा देते म्हणण्यासारखं आहे हे.

मग हे स्टार आणि टोकन तुमच्याकडे आले कुठून? माझ्या मते शेजारच्या खोलीतून, म्हणजे बक्षीस-शिक्षेने वागणं बदलणाऱ्या थेरपीतून. 1987 मध्ये लोवास ह्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा तो प्रसिद्ध पेपर आला, 19 मुलं, आठवड्याला 40 तास, त्यातली 9 मुलं नॉर्मलसारखी वागायला लागली असा दावा, आणि त्या पद्धतीत जोरात नाही म्हणणं आणि मांडीवर चापट मारणं हेही होतं, त्यांनीच तसं लिहिलंय. चापट गेली, बरं झालं. पण नॉर्मलसारखं दिसणं म्हणजेच यश ही मोजपट्टी मागच्या दाराने तुमच्याकडे शिरली आणि तुम्ही तिला खुर्ची दिलीत. तुम्ही ते लोक नाही हे मला कळतं, म्हणूनच तर तक्रार तुमच्याकडे घेऊन आलेय.

कारण आमच्या संवेदनांचा विषय तुम्ही लोकांनी बाकीच्यांच्या कितीतरी आधी धरला होता. डीएसएम, म्हणजे मनोविकारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक, त्याच्या पाचव्या आवृत्तीत, 2013 साली, आवाज-स्पर्श-उजेड जास्त किंवा कमी जाणवणं हे ऑटिझमच्या निकषांत आलं, तुमच्या खोल्यांमध्ये तेव्हा झोके लागून चाळीसेक वर्षं झाली होती. ह्याचं श्रेय तुमचंच. त्याच खोलीत मुलाने कान झाकले तर स्टार कापायचा हे मग मला झेपत नाही.

जाता जाता त्या शब्दाबद्दल. ऑटिस्टिकला मराठीत स्वमग्न म्हणतात, म्हणजे मलाही. मी कधीच स्वतःत मग्न नव्हते, मी पंख्यात मग्न होते. पंखा बंद केल्यावर पाती वेगळी वेगळी दिसायला लागतात तो नेमका क्षण पकडायचा, ह्यात माझे तासन् तास जायचे आणि अहाहा काय आनंद असायचा त्यात. डायना मरे ह्या ऑटिझमच्या अभ्यासक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ह्याला मोनोट्रोपिझम म्हटलं, म्हणजे लक्ष एकाच वाटेने पण पूर्ण जोराने वाहतं, त्यामुळे मधेच वाट बदलायला लावली की सगळं कोसळतं. माझ्या फाइलमध्ये पंख्याची नोंद आहे. नॉन-फंक्शनल प्ले. आता खेळ फंक्शनल असायला तो काय मिक्सर आहे?

बरं, आता दुसरा जन्म. दोन वर्षांपूर्वी मी एका सकाळी आंघोळीला गेले आणि आधी काय करायचं असतं तेच आठवेना. साबण आधी की पाणी आधी. मग काही दिवस तोंडातून शब्द फुटेना, ऑफिसचे मेल उघडले की अक्षरं नुसती रांगेत उभी दिसायची. ह्याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात हे मला नंतर कळलं, महिनोन् महिने थकवा, येत असलेली कामं न येणं, आवाज-उजेड आधीपेक्षाही सहन न होणं. वर्षानुवर्षं स्वतःला झाकून वावरलं की हे होतं असं बर्नआउटमधून गेलेले लोक सांगतात, आणि ते झाकायचं ट्रेनिंग मला कुठे मिळालं होतं ते वर सांगितलंच आहे. (2018 मधल्या ब्रिटनच्या एका अभ्यासात ह्या झाकण्याचा, म्हणजे मास्किंगचा, आत्महत्येच्या विचारांशी संबंध दिसला होता. ही गोष्ट कंसात लिहायची नाही खरं तर, पण मोठ्याने लिहायचा धीर होत नाहीये.)

मैत्रिणीने एका ओटीचा नंबर दिला, मी नको नको म्हणत गेले. पहिल्याच भेटीत त्यांनी ट्यूब बंद केली, विचारून, आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले तरी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, दिवसातलं कुठलं काम तुम्हाला सगळ्यात जड जातं, आणि त्यातलं तुम्हाला खरंच करायचंय असं कुठलं? दुसऱ्या अर्ध्याने मी गारच झाले. मला करायचंय का, असा प्रश्न मला कोणी विचारू शकतं हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं आंघोळ. पुढची चाळीस मिनिटं आम्ही फक्त आंघोळ सोलत बसलो. पाणी किती गरम, आवाज कसला येतो, दिवा कसा आहे, कुठल्या पायरीला पोटात गोळा येतो. मला आयुष्यभर वाटायचं मला पाण्याचा त्रास आहे. पाण्याचा नव्हताच! त्रास होता नळ बंद केल्यानंतरच्या त्या काही सेकंदांचा, ओल्या अंगाला हवा लागते आणि टॉवेल दारामागे लांब असतो तेवढ्याच वेळाचा. आणि शॉवरचे थेंब सुयांसारखे टोचायचे. तर टॉवेल हाताशी आला, तो अंगावर घ्यायचा आणि मगच नळ बंद करायचा. हँडशॉवर अंगाला टेकवून धरायचा म्हणजे थेंब न लागता पाणी नुसतं वाहतं. केस धुणं वेगळ्या दिवशी. पायऱ्या लिहिलेला लॅमिनेटेड कागद भिंतीवर. झालं. सहा वर्षांची फाइल एकीकडे आणि ही चाळीस मिनिटं एकीकडे.

मग तहान. मला तहान लागलेली कळत नाही, डोकं ठणकायला लागलं की कळतं. शरीराच्या आतल्या खुणा ओळखण्याला इंटरोसेप्शन म्हणतात आणि आमच्यातल्या अनेकांचं ते वेगळं चालतं. बाई मला शरीराचं ऐका वगैरे म्हणाल्या नाहीत, थँक गॉड, कारण जे बोलतच नाही त्याचं ऐकणार काय. त्यांनी पाणी तहानेपासून सोडवलं आणि कामाला बांधलं, मीटिंग संपली की अर्धी बाटली, लॅपटॉप बंद केला की उरलेली.

आणि फोन. मी म्हटलं मला फोनवर बोलायला शिकायचंय. त्या म्हणाल्या, शिकायचंय की शिकावं लागेल असं वाटतंय? मी दोन दिवस विचार केला आणि मेसेज टाकला की शिकायचं नाहीये. मग आम्ही ऑफिसला एक पत्र तयार केलं, कामाचं सगळं लिहून कळवावं, तातडीचं असेल तरी मेसेज. ऑफिसने मान्य केलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. माझ्या नव्या गोल शीटवर लिहिलंय, फोन टाळणे, आणि समोर टिक. ते शीट मी फ्रिजवर लावलंय.

ह्याला आता न्यूरोडायव्हर्सिटी-अफर्मिंग थेरपी म्हणतात. मेंदू वेगवेगळ्या तऱ्हेचे असतात, ते दुरुस्त करायचे नसतात, आणि अडचण निम्मी माणसात असते आणि निम्मी तर त्याच्या आजूबाजूला असते, तर आधी आजूबाजूचं हलवून बघा, असा साधारण अर्थ. साधी गोष्ट आहे. पण हल्ली बघतेय की सेंटरच्या बोर्डावर न्यूरो-अफर्मिंग आलंय, न्यूरोडायव्हर्सिटीचं सप्तरंगी इन्फिनिटीचं चिन्ह आलंय, आणि आत गोल शीट तेच, फक्त आय कॉन्टॅक्टच्या जागी सोशल एंगेजमेंट लिहिलेलं. एवढी मेहनत घेताय तर एक ओळ अजून लिहा ना, हा गोल कोणी मागितला. मुलाने, आईबाबांनी, शाळेने की तुम्ही. नाव लिहिलं की अर्धी शीटं आपोआप लाजतील.

पुरावा कुठे असं विचारणारे भेटतील, विचारावंच. पण मग दोन्हीकडे विचारा. लहानपणी मला मऊ ब्रशने दर दोन तासांनी हातापायांवर घासलं जायचं आणि मग सांधे दाबायचे, मी किंचाळायचे आणि सांगितलं जायचं की सवय होईल. त्या ब्रशिंगमागे आजही धड पुरावा नाही. पेन्सिल तीन बोटांतच धरायची म्हणून माझा हात वरून धरून गिरवून घेतलं जायचं, आणि 2012 च्या एका अभ्यासात चौथीच्या मुलांच्या चार वेगवेगळ्या पकडी तपासल्या तर अक्षरात आणि वेगात फरक सापडला नाही. वजनदार पांघरुणाची गंमत तर बघाच, 2014 मध्ये ब्रिटनमध्ये 67 ऑटिस्टिक मुलांवर त्याची चाचणी झाली, झोप काही वाढली नाही, पण मुलांना आणि आईबाबांना तेच पांघरूण आवडलं. आता गोल झोपेचे तास असेल तर ते फेल, आणि गोल पांघरुणात बरं वाटणं असेल तर पास.

डोळ्यांचंही तसंच. 2017 च्या एका ब्रेन स्कॅनच्या अभ्यासात ऑटिस्टिक लोकांना डोळ्यांवरच नजर ठेवायला लावली तर मेंदूतला धोका ओळखणारा भाग जास्तच पेटलेला दिसला. आणि संवाद म्हणाल तर एडिनबराच्या संशोधकांनी 2020 मध्ये कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला, आठ-आठ जणांच्या साखळ्या, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत टिकली, गळती झाली ती मिसळलेल्या साखळीत. डेमियन मिल्टन हे संशोधक, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, ते 2012 पासून हेच सांगतायत की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. तरी सोशल स्किल्सचे क्लास एकाच बाजूला.

मला माहीत आहे काही पालक आता म्हणतील, तुम्हाला लिहिता येतं, बोलता येतं, आमचं पोर डोकं भिंतीवर आपटतंय, रस्त्यावर पळतंय, तिथे काय अफर्म करायचं. योग्य प्रश्न आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. डोकं आपटणं थांबायलाच हवं. पण दाढ दुखतेय का, कान फुटलाय का, वरच्या मजल्यावर ड्रिल चालू आहे का, पोटात कळ आहे आणि सांगायला शब्द नाहीत का, हे न बघता हात धरून ठेवणं म्हणजे धूर दिसला म्हणून डोळे मिटणं. आणि न बोलणाऱ्या मुलाला तर चित्रांचा बोर्ड, टॅबलेट, खुणा, जे चालेल ते आधी द्यायला हवं, आणि त्या बोर्डवर नको आणि थांब हे शब्द पहिल्या पानावर हवेत. मी असे बोर्ड पाहिलेत ज्यात तेवीस खाऊ आहेत आणि नको नाही. रस्त्यावर पळणाऱ्याला कुलूप लागेल तर लावा, जीव आधी, तिथे मी तत्त्वज्ञान सांगत बसणार नाही. फक्त तो कशापासून पळतोय हेही त्याच आठवड्यात शोधा.

आणि हात फडफडवणं कृपा करून सोडून द्या हो. त्याने कोणाचं काय जातं? माझे हात सहा वर्षांत 80 टक्के शांत झाले आणि मग मी गालाच्या आतली कातडी चावायला लागले, ती अजून चावते, डेंटिस्ट दर वेळी विचारतो. ते कोणाच्या शीटवर नाही कारण ते बाहेरून दिसत नाही.

तुमच्यातल्या अनेकांना शाळेचा, पालकांचा, सेंटरच्या मालकांचा दबाव असतो, रिपोर्टमध्ये आकडा दाखवावा लागतो, हे मला नव्या बाईंकडून कळलं. तर आकडा दाखवा की. टॉवेल हाताशी आल्यापासून मी आठवड्यातून सहा दिवस आंघोळ करते, आधी दोन करायचे. हा आकडा नाही का? मुलाला स्वतःहून किती वेळा नाही म्हणता आलं आणि त्यातलं किती वेळा ऐकलं गेलं, हाही मोजता येतो. एक महिना मोजून बघा आणि पहिल्या आठवड्याचा आकडा बघून निराश होऊ नका.

अजून एक, ऑटिस्टिक असलेले, एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं) असलेले ओटी तुमच्यातही आहेत, मास्क लावून काम करतायत. त्यांना चहाच्या वेळेत कोपऱ्यात गाठून विचारू नका, पण ते मीटिंगमध्ये काही बोलले तर मधे तोडू नका. माझ्या नव्या बाई त्यातल्याच आहेत हे त्यांनी मला सातव्या भेटीत सांगितलं आणि मला तेव्हा कळलं की पहिल्या दिवशी ट्यूब त्यांनी इतक्या पटकन का बंद केली.

आणि त्या जुन्या मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर, तुम्ही वाईट नव्हता. तुमचे हात गरम असायचे आणि तुम्ही कधी ओरडला नाहीत. पण मी तुमच्या डोळ्यांत एकदाही बघितलं नाही, आणि तुमच्या फाइलमध्ये ते दहापैकी आठ आहे. तेवढी एंट्री दुरुस्त करून घ्या.

आपली,
निळ्या झोक्यावाली

ता.क. उत्तर द्यायचं असेल तर लिहून द्या. फोन करू नका, मी उचलत नाही, तो माझा गोल आहे.